इंजिनाचा राखणदार

वळवाच्या वादळात तारा तुटल्या की आमच्या घराला नि गोठ्याला डिझेल जनरेटरचाच आधार असतो. पुरुषमाणसे शेतात, इंजिनाजवळ घरातल्या बायका. ऑईल संपले किंवा पाणी तापले तर त्यांनी ओळखायचे कसे? डिझेल मिळते आहे तोवर इंजिन फिरतच राहते. शेवटी बेअरिंग जळून जाम होते. शेजारच्या वस्तीवर तसे झाले, तेव्हा आमच्या इंजिनाला राखणदार बसवायचे ठरवले.

सामान थोडेच लागले. ऑईलच्या दाबाचा एक खटका, पाण्याच्या उष्णतेचा एक, आणि डिझेलची वाट उघडझाप करणारे सोलेनॉईड, म्हणजे विजेवरचे चुंबक. वायरमन असलेल्या भाच्याने आधी विचारले, "मामा, चुंबकाला वीज मिळाल्यावर इंजिन बंद व्हायला हवे, की वीज तुटल्यावर?"

प्रश्न मोलाचा होता. वीज मिळाल्यावर बंद होणारे बसवले आणि उंदराने तार कुरतडली, तर राखणदार मेल्याचे कुणाला कळणारही नाही. म्हणून आम्ही दुसरे घेतले. बॅटरीची वीज दोन्ही खटक्यांतून चुंबकाला जाते नि चुंबक डिझेलची वाट उघडी धरते. दाब उतरला, पाणी तापले किंवा तार तुटली, तरी वीज खंडित होते आणि स्प्रिंग वाट बंद करते. सुरू करताना दाब नसतो. तेवढ्यापुरते एक बटण दाबून धरायचे, दाब आला की सोडायचे.

दर अमावास्येला सूनबाई इंजिन चालू करून पट्ट्यापासून दूर असलेल्या पेटीतली १२ व्होल्टची एकेक तार सोडवते. प्रत्येक वेळी इंजिन थांबलेच पाहिजे. वर्षातून एकदा उष्णतेचा खटका काढून बॅटरी व बल्बला जोडतो आणि त्याचे टोक उकळत्या पाण्यात धरतो. तो ९५ अंशांचा आहे. बल्ब विझला की खटका शाबूत.

पण या राखणदाराला सगळे कळत नाही. पाणी पूर्ण गळून गेले तर कोरड्या खटक्याला उष्णता वेळेवर लागत नाही. इंजिनाचा विषारी धूर त्याला दिसत नाही; म्हणून इंजिन घराबाहेर, उघड्यावरच हवे. जनरेटरची वीज उलटी लाईनवर जाऊन खांबावरच्या वायरमनचा जीव जाऊ नये, यासाठी चेंजओव्हर स्विच वेगळा लागतो.

राखणदार ठेवला तरी धन्याने रोज सकाळी ऑईल नि पाणी पाहावेच.