पिंप, टायर, करवंटी

आंबोलीत शाळेच्या मुलांनी डासांचं सर्वेक्षण करायचं ठरवलं की पहिलीच अडचण पावसाची. वर्षाला सात हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडणारं गाव. जूनपासून सप्टेंबरपर्यंत पाणी नाही अशी जागाच नाही. मग बघायचं तरी काय? मुलांना आधी एवढं पटवून द्यावं लागतं की डेंग्यूचा डास धबधब्यात नसतो. तो आपण साठवलेल्या किंवा विसरलेल्या पाण्यात असतो: पिंपात, टायरात, करवंटीत, ताडपत्रीच्या खळग्यात. मुसळधार पावसात उघड्यावरची भांडी भरून वाहतात आणि अळ्याही वाहून जातात. पाऊस आठ-दहा दिवस उघडला की मात्र लक्ष ठेवायचं, कारण अंड्यापासून डास व्हायला साधारण तेवढेच दिवस लागतात. श्रावणातली उघडीप हा फिरण्याचा खरा मुहूर्त.

*

पाच जणांचा गट चांगला. एकाने टॉर्च धरायचा, एकाने पळीने पाणी काढून पांढऱ्या वाडग्यात ओतायचं, एकाने मोजायचं, एकाने लिहायचं आणि एकाने घरातल्या माणसांशी बोलायचं. यातलं शेवटचं काम सगळ्यांत अवघड. खळ्यातून हाक मारून ‘आजी, तुमचं पिंप बघू का?’ असं विचारायला धीर लागतो. आतून उत्तर येतं, ‘पोरांनू, पाण्यात काय शोधतास?’ तिथे नीट उत्तर देता आलं पाहिजे. दर चार-पाच घरांनी कामं बदलावीत, नाहीतर बोलकी मुलंच बोलत राहतात आणि अक्षर चांगलं असलेली मुलगी शेवटपर्यंत वहीतून डोकं वर काढत नाही.

*

वाडग्यात काय दिसतं ते सावकाश बघण्यासारखं आहे. डेंग्यूच्या डासाची अळी पृष्ठभागाला शेपटीकडची नळी लावून डोकं खाली करून तिरकी लोंबकळते. ती नळी श्वासाची. वाडग्यावर सावली पडली की वळवळत तळाला जाते. थोडा वेळ हात न हलवता थांबलं की श्वासासाठी पुन्हा वर येते. हिवतापाच्या डासाची, म्हणजे अ‍ॅनोफिलीसची अळी पाण्याला समांतर, आडवी पडून असते; तिला लांब नळी नसते. एवढा एक फरक सहावीतल्या मुलालाही भिंगाशिवाय ओळखता येतो. कोष स्वल्पविरामासारखा दिसतो. तो काही खात नाही, पण हलतो चांगलाच. कोष दिसला की लिहिणाऱ्याने शेजारी खूण करावी, कारण तिथून डास उडायला एक-दोन दिवसच उरलेले असतात.

टाकीच्या तळाच्या गाळात लाल, बारीक किडे सापडतात. त्यांनाही मुलं अळ्यांत धरतात. ते चावणाऱ्या डासाचे नव्हेत, वेगळ्या माशीचे असतात. भिंतीवर बसणारा लांब पायांचा मोठा ‘डास’ही माणसाला चावत नाही. सर्वेक्षण करायचं तर कोणाला मोजायचं नाही हेही शिकावं लागतं.

*

आकडेमोड सोपी आहे. समजा पन्नास घरं पाहिली आणि पाच घरांत अळ्या निघाल्या, तर घर निर्देशांक दहा. पाहिलेल्या भांड्यांपैकी शेकडा किती भांड्यांत अळ्या, तो भांडी निर्देशांक. शंभर घरांमागे अळ्या असलेली भांडी किती, तो ब्रेटो निर्देशांक. आरोग्य खातं हीच मोजमापं वापरतं. मुलांनी त्याच पद्धतीने मोजलं तर त्यांचा कागद आरोग्यसेविकेच्या कागदाशेजारी ठेवून ताडून बघता येतो.

पण त्यासाठी शून्य लिहिलं पाहिजे. अळ्या नसलेल्या घरात लिहिण्यासारखं काही नाही असं मुलांना वाटतं आणि ते घर यादीतून गळतं. मग निर्देशांक फुगतो. स्वच्छ घराचं शून्य हीसुद्धा त्या घरातल्या बाईच्या रोजच्या कष्टाची नोंद आहे. ती गळू देऊ नये.

*

रोनाल्ड रॉसला डासाच्या पोटात हिवतापाचा परजीवी सापडला तो सिकंदराबादला, 20 ऑगस्ट 1897 रोजी. म्हणून 20 ऑगस्ट हा जागतिक डास दिन. हुसेन खान नावाच्या रुग्णाने डासांना स्वतःला चावू दिलं होतं, दर डासामागे एक आणा घेऊन. पुढे कलकत्त्याला मोहम्मद बक्ष हा मदतनीस रॉससाठी डास आणि अळ्या गोळा करी. नोबेल एकट्या रॉसला मिळालं. शाळेच्या प्रकल्पाच्या पहिल्या पानावर गटातल्या मुलांची पाचही नावं सारख्या अक्षरांत यावीत असं मला वाटतं, आणि ज्यांनी पिंपं उघडून दाखवली त्या घरांचे आभारही.

*

सावंतवाडी–बेळगाव रस्त्यावर पंक्चरच्या दुकानाबाहेर पडलेली टायरं जरूर बघावीत. टायर कसंही ठेवलं तरी आत पाणी राहतंच, आणि सावलीही असते. एडिस अल्बोपिक्टस हा आशियातला डास 1985मध्ये अमेरिकेत ह्यूस्टनला आढळला, तो आयात केलेल्या जुन्या टायरांतूनच गेल्याचं मानलं जातं. या डासांची अंडी कोरडी पडूनही महिनोन्महिने टिकतात आणि पाणी लागलं की फुटतात. म्हणून भांडं नुसतं पालथं करून भागत नाही, आतून घासावंही लागतं. धबधब्याजवळ टाकलेले चहाचे कप हा त्याच यादीतला पुढचा रकाना.

*

मुलांना एक गोष्ट कळकळीने सांगायला हवी. अळ्या दिसल्या की ‘गप्पी सोडा’, ‘तेल ओता’ हे सगळेच सांगतात. घराजवळच्या बंदिस्त टाकीत गप्पी ठीक आहेत. आंबोलीच्या ओढ्यात, झऱ्यात, सड्यावरच्या डबक्यात मात्र मुळीच नाही. हिरण्यकेशी नदीच्या उगमाशी सापडलेल्या शिस्टुरा हिरण्यकेशी या माशाची नोंद 2020मध्ये झाली आणि 2021मध्ये ती जागा जैवविविधता वारसा स्थळ म्हणून जाहीर झाली. आंबोली टोड कातळावर साचलेल्या पावसाच्या पाण्यात अंडी घालतो. त्या पाण्यात बाहेरून आणलेला मासा किंवा तेलाचा थेंबही जाता कामा नये. तिथे चतुराची पिल्लं अळ्या खाऊन आपलं काम करतच असतात. रानातल्या झाडांच्या ढोलीत तर अशा एका डासाची अळी असते जी इतर डासांच्या अळ्या खाते. तो डास, टॉक्सोऱ्हिंकायटिस, मोठा झाल्यावर रक्त पीत नाही.

डोंगरातल्या संथ झऱ्यांच्या कडेला हिवतापाचा एक डास, अ‍ॅनोफिलीस फ्लुविआटिलिस, वाढतो हेही खरं. म्हणून झऱ्याची कड बघावी, नोंद करावी आणि आरोग्य केंद्राला कळवावं. तिथे मुलांचं काम संपतं.

*

‘घरात कोणाला ताप येऊन गेला का?’ हा प्रश्न बहुतेक प्रश्नावल्यांत असतो. या भागात तो जपून विचारावा. 2016पासून दोडामार्ग आणि पुढे सावंतवाडी तालुक्यात माकडतापाने माणसं दगावली आहेत. तो गोचिडीपासून होतो, डासापासून नव्हे. मुलांनी सगळे ताप डासांच्या नावावर लिहिले तर घरातली माणसं काजूच्या बागेत, जंगलात जाताना घ्यायची काळजी विसरतील.

*

बंद घरं. सर्वेक्षणाच्या कागदावर ‘कुलूप’ असा एक शेरा असतो आणि कोकणात तो पानोपानी येतो. चाकरमानी मुंबईला, घर बंद. मागच्या पडवीत अर्धं पाणी असलेलं पिंप, न्हाणीत घंघाळ, संडासाच्या फ्लशच्या टाकीत साठलेलं पाणी. तिथे कोणी बघत नाही. मग चतुर्थीला घरं उघडतात आणि माणसं येतात. शहरातून येताना एखाद्याच्या अंगात डेंग्यूचा विषाणू असला, तर त्याला चावलेला इथला डास आठ-बारा दिवसांनी तो पुढे पसरवू शकतो. आजारी माणसाचा यात दोष नाही, पण डास आधीपासून तिथे वाढलेला असणं टाळता येतं. म्हणून फेऱ्या दोन हव्यात, एक चतुर्थीआधी आणि एक नंतर, त्याच घरांत. शिक्षकांनी बंद घरांचा रकाना वेगळा ठेवावा आणि प्रकल्प संपला की ती यादी ग्रामपंचायतीला द्यावी.

आणि मुंबईला परतणाऱ्यांना एक विनंती. गणपती पोचवून निघाल की पिंप घासून पालथं घाला, फ्लशची टाकी रिकामी करा आणि किल्ली शेजारी ठेवून जा. पोरं वही घेऊन आली की शेजारच्या काकी दार उघडून देतील.