तिथीची पाऊणपट

सहावीत गेल्यापासून माझी लेक घराबाहेर पडेनाशी झाली. लगोरी सुटली, लंगडी सुटली. शाळेतून आली की दप्तर एका कोपऱ्यात आणि ती मोबाइल घेऊन दुसऱ्या कोपऱ्यात. ‘जा गं जरा खेळायला’ म्हटलं की कपाळाला आठी. एका संध्याकाळी भाजी निवडता निवडता तिने आपणहून सांगितलं, “मैदानात सगळे बघतात गं आई.” अंग भरू लागलेलं, पळताना कुर्ता सावरायचा, त्यात येणारीजाणारी एखादी बाई ‘किती सुटलीयेस’ म्हणणार. तिला आळशी म्हणणं मला तेव्हापासून पटेनासं झालं.

हे एकट्या आमच्या माकुणसार गावचं नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या संशोधकांनी 146 देशांचा अभ्यास केला. 2016 साली 11 ते 17 वयाची 81 टक्के मुलं पुरेशी हालचाल करत नव्हती, आणि मुलींमध्ये हे प्रमाण 85 टक्के होतं. या वयात दिवसाला सरासरी 60 मिनिटं तरी दम लागेल अशी हालचाल हवी. ती मैदानावरच व्हावी, असं मात्र कुठे म्हटलेलं नाही.

आमच्याकडे वाट निघाली ती आजोबांच्या हिशेबातून. लेकीला गणित आवडतं. आजोबांनी तिला किनाऱ्यावरचा जुना ठोकताळा शिकवला: तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ मिळते, आणि तिथून साधारण सहा तासांनी ओहोटी. अष्टमीला सहा, पौर्णिमेला सव्वाअकरा. ती भिंतीवरचं कालनिर्णय घेऊन बसली. मग एके दिवशी म्हणाली, “उद्या चतुर्दशी. साडेदहाला भरती, म्हणजे साडेचारला पाणी पार आत. खरंच तसं होतं का, बघायला जाऊया?”

मी, ती आणि तिची चुलत बहीण सायकली काढून केळव्याच्या किनाऱ्यावर गेलो. वाटेत लेकीच्या सायकलची चेन पडली, तिनेच काडीने ती बसवली आणि काळे हात गवताला पुसले. सुरूच्या बनाखालून बाहेर आलो तर समोर ओली, टणक वाळू लांबवर उघडी पडलेली. बारीक खेकड्यांनी बिळांभोवती वाळूच्या मोहरीएवढ्या गोळ्यांची नक्षी मांडलेली. पाऊल वाजलं की खेकडे आत. त्यांना गाठायला दोघी पळत सुटल्या, घामाघूम झाल्या. तिकडे वळून बघणारंही कोणी नव्हतं.

आता अमावास्या-पौर्णिमा जवळ आली की वेळ तीच सांगते. पावसाळ्यात आम्ही तिकडे जात नाही आणि एरवीही पाण्यात उतरायचं नाही, हा नियम पक्का. समुद्रावर जाता येत नाही त्या दिवशी दोघी सायकलवर गावात फेरी मारतात. वजनाचा विषय मी घरात बंद केला आहे, पाहुण्यांनाही तसं स्पष्ट सांगते.

या वयातल्या मुलाला ‘व्यायाम कर’ म्हणून उठवता येत नाही. त्याला आधीपासून काय आवडतं ते बघावं, त्याच्या पायांना तिथवर जायचं कारण द्यावं, जोडीला बरोबरीचं कोणीतरी द्यावं आणि बघणाऱ्यांच्या नजरा दूर ठेवाव्यात. त्यासाठी आईबापांनीही सायकलला टांग मारायची तयारी ठेवली पाहिजे.