गिटच्या इतिहासातील निरुपयोगी विदेची सफाई : एक अनुभव

गिट या आवृत्ती-नियंत्रण प्रणालीत, म्हणजे प्रकल्पातील प्रत्येक बदलाची नोंद जपणाऱ्या व्यवस्थेत, फाइल काढून टाकली म्हणून तिने व्यापलेली जागा मोकळी होत नाही. कारण लिनस टोरवाल्ड्स यांनी २००५ मध्ये लिनक्स कर्नलच्या कामासाठी रचलेल्या या प्रणालीत प्रत्येक कमिट, म्हणजे प्रकल्पाची नोंदवलेली स्थिती, आधीच्या कमिटशी बांधलेली असते आणि फाइल त्या जुन्या कमिटमध्ये तशीच राहते.

प्रस्तुत लेखकाचा ज्या सामायिक प्रकल्पाशी संबंध आला, त्याच्या रिपॉझिटरीत, म्हणजे फाइली व त्यांचा इतिहास यांच्या साठ्यात, डेटाबेसची एक मोठी बॅकअप फाइल शिरली होती आणि ती लगेच काढलीही गेली होती. तरी संघात नव्याने आलेल्या प्रत्येकाला क्लोन, म्हणजे संपूर्ण इतिहासासह स्थानिक प्रत, उतरवून घेताना तिचा भार सोसावा लागे. 'गिट जीसी' ही सफाईची आज्ञा देऊनही आकारात फरक पडला नाही, आणि सहकाऱ्यांनी त्याचा दोष आज्ञेला दिला, जो अन्यायाचा होता. ही आज्ञा सुटे ऑब्जेक्ट, म्हणजे फाइल व कमिट ज्या रूपात साठवले जातात ते घटक, पॅकफाइलमध्ये, म्हणजे दाबून बसवलेल्या एकत्रित संचात, गोळा करते आणि ज्यांच्यापर्यंत कोणत्याही ब्रँचमधून (कामाच्या शाखेतून), टॅगमधून (कमिटला दिलेल्या नावातून) वा रेफलॉगमधून पोहोचता येत नाही तेवढेच ऑब्जेक्ट टाकते, तेही सामान्यतः दोन आठवडे जुने झाल्यावर. रेफलॉग म्हणजे ब्रँचचे टोक केव्हा कोठे होते याची स्थानिक नोंदवही. तिच्यातील नोंदी एरवी ९० दिवस आणि ब्रँचच्या सध्याच्या टोकापासून तुटलेल्या कमिटच्या नोंदी ३० दिवस टिकतात. ही दिरंगाई अनेकांना खटकते. परंतु चुकून पुसलेली ब्रँच परत मिळते ती बहुधा या मुदतींमुळेच, म्हणून त्या घाईने शून्यावर आणणे शहाणपणाचे नाही.

बॅकअप फाइल मात्र मुख्य ब्रँचच्या इतिहासातच असल्याने कितीही वाट पाहिली तरी ती जाणार नव्हती. इतिहासच पुन्हा लिहावा लागला, आणि त्यासाठी 'फिल्टर-ब्रँच' ही जुनी, संथ व धोक्याची आज्ञा टाळून 'गिट फिल्टर-रेपो' हे स्वतंत्र साधन वापरले गेले, जे ताज्या क्लोनखेरीज अन्यत्र काम करण्यास आपणहून नकार देते. कमिटची ओळख पटवणारा हॅश हा तिच्या आशयावरून आणि पूर्वज-कमिटच्या हॅशवरून काढलेला असल्याने, ती फाइल जेथे प्रथम आली तेथपासून पुढच्या सर्व कमिटचे हॅश बदलले. तांत्रिक भाग एवढाच होता, खरे कष्ट वेगळेच होते. प्रत्येकाने आपले अपुरे काम इतिहास पुन्हा लिहिण्याआधीच मुख्य सर्व्हरवर पाठवावे आणि तो लिहून झाल्यावर जुना क्लोन टाकून नवा घ्यावा, असे ठरवणे भाग होते. एकानेही जुन्या क्लोनमधून ब्रँच मिसळून पाठवली असती, तर तो सारा भार निमूटपणे परत आला असता. इतिहास पुन्हा लिहिण्याचा निर्णय म्हणूनच एकट्याने घेण्याजोगा नसतो, आणि त्यावर साऱ्या संघाची संमती मिळेपर्यंत तो पुढे ढकलणेच इष्ट ठरते.

त्या बॅकअपमध्ये पासवर्डही होते. ते सर्व नव्याने बदलावे लागले, कारण पूर्वी ज्यांनी क्लोन घेतला होता त्यांच्या संगणकांवरील प्रतींपर्यंत या सफाईचा हात पोहोचत नव्हता.