सातबाऱ्यावरचा दुरावा

इंग्रजीतला ‘एलिअनेशन’ हा शब्द वकिलाला रोज लागतो. मालमत्तेच्या कायद्यात त्याचा अर्थ हस्तांतरण: विक्री, बक्षीस, गहाण. व्यवहारात त्याचा अर्थ माणसांमधला दुरावा. आमच्या महसुली भाषेलाही तो जुनाच ओळखीचा. इंग्रजी अमलात इनाम जमिनींना कागदोपत्री ‘एलिअनेटेड’ म्हणत, मराठीत दुमाला. आणि पुण्याचं पेशवे दप्तर ‘एलिअनेशन ऑफिस’ म्हणून ओळखलं जाई. गुहागर तालुक्यात वाटपाचे दावे चालवताना मला मात्र हे अर्थ वेगळे काढता येत नाहीत. आगर परक्याच्या हाती जातं, त्याच्या कितीतरी आधी घरातली माणसं एकमेकांना परकी झालेली असतात.

वेळणेश्वरचंच पाहा. गाडगिळांसह कितीतरी घराण्यांचं हे कुलदैवत. दर्शनाला माणसं लांबून येतात, पण त्यातल्या अनेकांचा गावच्या जमिनीशी संबंध सातबाऱ्यावरच्या नावापुरता उरलेला असतो. पणजोबांच्या नावाचा गट, त्यावर वारसनोंदींचे फेरफार चढत गेलेले, आणि सगळं ‘सामाईक’. कोणाच्या वाट्याला कुठली माडाची रांग, हे कागद सांगत नाही. मार्क्सने १८४४च्या हस्तलिखितांत परात्मतेबद्दल, म्हणजे याच ‘एलिअनेशन’बद्दल, लिहिलं, ते स्वतः घडवलेली वस्तू हातची जाणाऱ्या मजुराबद्दल. इथे कागदावर मालक असलेल्या माणसाला आपल्याच आगराचं बेडं उघडायला चुलतभावाची परवानगी लागते.

किनाऱ्यालगतच्या जमिनीला भाव आला की हा दुरावा उघडा पडतो. मुंबईचा एखादा हिस्सेदार आपला अविभक्त हिस्सा परस्पर विकतो. मिताक्षरा कायद्याच्या मुंबई शाखेत सहदायादाला, म्हणजे एकत्र कुटुंबातल्या जन्मसिद्ध हिस्सेदाराला, मोबदला घेऊन असं करण्याची मुभा पूर्वीपासून आहे. कायद्याने नात्याला आधारही ठेवला आहे. मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२च्या कलम ४४नुसार अविभक्त कुटुंबाच्या राहत्या घरातला हिस्सा घेणाऱ्या परक्याला त्या घरात सामाईक ताबा मागता येत नाही. त्याने वाटपाचा दावा लावलाच, तर १८९३च्या वाटप अधिनियमाचं कलम ४ घरातल्या माणसाला तो हिस्सा न्यायालयाने ठरवलेल्या किमतीला घेऊ देतं. हिंदू उत्तराधिकार अधिनियम, १९५६च्या कलम २२मध्ये पहिल्या वर्गाच्या वारसांना अग्रहक्क आहे, आणि तो शेतजमिनीलाही लागू असल्याचं सर्वोच्च न्यायालयाने २०१९मध्ये स्पष्ट केलं. रक्ताच्या माणसाला आधी विचारा, एवढंच ही कलमं आपापल्या परीने सांगतात. विचारायचं तर बोलणं चालू असावं लागतं, आणि ती सोय कुठल्याही कलमात नाही.

सगळ्यात खोल दुरावा मला बहिणींच्या बाबतीत दिसतो. महाराष्ट्राने १९९४मध्ये अविवाहित मुलींना सहदायाद केलं. केंद्राने २००५मध्ये सर्वच मुलींना तो हक्क दिला. तो जन्मसिद्ध आहे, त्यासाठी ही दुरुस्ती लागू झाली त्या दिवशी वडील हयात असण्याची गरज नाही, हे २०२०मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ठरवलं. तरी आजही बहिणीला माहेरपणाला बोलावतात आणि परतीच्या दिवशी हक्कसोडपत्र पुढे करतात. ती सही करते. पुढे येणं कमी होतं. जमीन भावाकडे राहिली, हे खरं. बहिणीचं माहेर तुटलं, हेही तेवढंच खरं, आणि त्याची नोंद कुठल्याच फेरफारात होत नाही. तिने हक्क सोडायचा असेल तर खुशीने सोडावा, पण आधी तिचा हिस्सा किती हे तिला नकाशावर दाखवलं पाहिजे.

वाटणी मागितली की घर फुटतं, अशी आपल्याकडे समजूत आहे. माझा अनुभव उलट आहे. थोरले हयात असताना, सगळ्यांच्या संमतीने मोजणी करून वाटप केलेल्या भावंडांत येणं-जाणं टिकतं. ‘असू दे सामाईक’ म्हणून गप्प राहिलेल्या घरांत पुढच्या पिढीची ओळख न्यायालयाच्या व्हरांड्यात होते. संमती असेल तर जमीन महसूल संहितेच्या कलम ८५खाली तहसीलदारांकडे शेतजमिनीचं वाटप करून घेता येतं. दाव्यात वर्षं घालवावी लागत नाहीत.

म्हणून माझं वाचकांना कळकळीचं सांगणं आहे. या दिवाळीत गावी जाल तेव्हा आधी सातबारा काढा, राहिलेल्या वारसनोंदी करून घ्या, बहिणींसकट सगळ्या हिस्सेदारांना बोलवा, आणि थोरल्यांच्या समोर वाटपाचा विषय काढा.