अर्ध्या ज्ञानाचा घोट

पूर्ण अज्ञान माणसाला नम्र ठेवते आणि पूर्ण ज्ञान त्याला पुन्हा नम्र करते. मधल्या मुक्कामाचे मात्र काही खरे नाही. गेल्या हिवाळ्यात त्या मुक्कामी आम्ही काही दिवस राहून आलो आणि त्याचे भाडे एका वडीलधाऱ्या स्नेह्यांना भरावे लागले. म्हणून ही कबुली.

निमित्त स्कॉच व्हिस्कीचे. परदेशातून आलेल्या आमच्या मेव्हण्याने आयला बेटावरची लागाव्हूलिन ही सिंगल माल्ट आणली होती. पहिल्या घोटाला होळीचा धूर आणि दवाखान्यातले आयोडीन एकदमच आठवले; तिसऱ्या घोटाला त्याच धुराची गोडी लागली. मेव्हण्याने सांगितले, की मोड आणलेला सातू तेथे पीटच्या धुरावर वाळवतात. पीट म्हणजे दलदलीत हजारो वर्षे साचत गेलेला वनस्पतींचा थर. एकच आसवनी, एकच धान्य आणि तांब्याची भांडी, यांतून उतरते ती सिंगल माल्ट. "बाकी सगळी मिश्रणं!" असा समारोप करून तो झोपावयास गेला. आम्ही मात्र जागे झालो होतो.

त्याच आठवड्यात अण्णांनी आम्हांला दिल्लीतल्या आपल्या घरी बोलावले. मुलाने पहिल्या परदेशवारीहून आणलेली ब्लेंडेड स्कॉच त्यांनी चार वर्षे कपाटात जपून ठेवली होती. "तुमच्यासारखा कोणी दर्दी यायची वाट पाहत होतो," असे म्हणत त्यांनी बूच काढले आणि पेल्यांत दोन-दोन बोटे ओतली. आम्ही पेला नाकाशी नेला, मेव्हण्याने नेला होता तस्साच, आणि म्हणालो, "छान आहे अण्णा, पण ही मिश्रण हो! खरी स्कॉच म्हणजे सिंगल माल्ट."

"असं का?" अण्णा म्हणाले. पेले कसेबसे संपले. त्यांनी बूच लावले आणि बोलणे थंडीकडे वळवले. काकूंनी ठेवलेले खारे दाणे तसेच राहिले. जिन्यापर्यंत पोचवायला आले तेव्हा मात्र ते हळूच म्हणाले, "मुलाला बिचाऱ्याला ठाऊक नसेल."

हे वाक्य आमच्याबरोबर घरी आले. मग आम्ही वाचू लागलो. आधी स्वतःच्या समर्थनासाठी, पुढे लाजेखातर.

पहिला तडाखा 'सिंगल' या शब्दानेच दिला. सिंगल म्हणजे एका पिंपातली नव्हे, एका आसवनीतली. आमच्या त्या 'शुद्ध' बाटलीतसुद्धा बहुधा अनेक पिंपांतली व्हिस्की एकत्र केलेली असते. कोणते पीप पूर्वी शेरीचे, कोणते अमेरिकन बर्बनचे. कोणते जुने, कोणते त्याहून जुने. बाटलीवर छापलेले वय त्यांतल्या सर्वांत धाकट्याचे.

दुसरा तडाखा इतिहासाचा. १८३० साली इनीअस कॉफी याने अखंड चालणाऱ्या उभ्या भट्टीचे पेटंट घेतले. तीतून गहू-मक्यासारख्या धान्यांची हलकी व्हिस्की स्वस्तात आणि मुबलक निघू लागली. १८६० च्या कायद्याने धान्याची आणि माल्टची व्हिस्की कर भरण्यापूर्वीच गोदामात मिसळण्याची मुभा दिली. एडिंबरोचा अँड्र्यू अशर आणि किल्मार्नक येथील वॉकर कुटुंबासारखे किराणा दुकानदार यांनी या मिश्रणाची कला केली. पुढे फ्रान्समधल्या द्राक्षवेली किडीने उद्ध्वस्त झाल्या, ब्रँडी दुर्मीळ झाली आणि तिच्या रिकाम्या जागी ही स्कॉच जाऊन बसली. मिश्रणाला व्हिस्की म्हणावे की नाही, हा वाद न्यायालयापर्यंत गेला. १९०९ साली शाही आयोगाने मिश्रणाच्या बाजूने कौल दिला. ग्लेनफिडिकने आपली सिंगल माल्ट परदेशी बाजारात नेटाने मांडली ती १९६३ साली. तोवर बहुतेक आसवन्या जगत होत्या त्या मिश्रणाच्या पोटावर. आमची लागाव्हूलिनदेखील 'व्हाइट हॉर्स' या मिश्रणात वर्षानुवर्षे निमूटपणे मिसळत आली होती!

दोहोंत फरक नाही असे नव्हे. सिंगल माल्टमध्ये एका जागेचा स्वभाव चाखायला मिळतो, त्याच्या सगळ्या हट्टासकट. मिश्रणात अनेक हट्टी स्वभाव एकमेकांना सांभाळून घेतात. पिंपे दरवर्षी बदलत असता चव मात्र तीच राखणे, हे ब्लेंडरच्या नाकाचे कसब. नुसता वेलदोडा सुगंधी खराच. पण म्हणून गोड्या मसाल्याला 'मिश्रण' म्हणून कोणी नाक मुरडत नाही. दगडफूल, खोबरे, तीळ यांचे प्रमाण जमायला घरातल्या बाईची उमर जावी लागते.

महिन्याभराने आम्ही आपण होऊन अण्णांकडे गेलो आणि कॉफीपासून शाही आयोगापर्यंतचा सारा वृत्तांत त्यांना ऐकवला. अण्णांनी तो शांतपणे ऐकून घेतला. फाइलवरच्या लांबलचक टिपणाचा मथितार्थ शेवटी एका ओळीत मागावा, तसे ते म्हणाले, "म्हणजे पोरानं आणली ती काही वाईट नव्हती."

"मुळीच नव्हती, अण्णा. वाईट आमचं बोलणं होतं."

ते उठले आणि कपाट उघडून त्यांनी बाटली काढली. त्या रात्री ती जेथवर उतरली होती, तेथेच होती. महिनाभर तिला कोणी हात लावला नव्हता.

"काकूंना म्हणावं, दाणे आणा," आम्ही म्हणालो, आणि या खेपेस पेला नाकाशी न नेता सरळ ओठांशी नेला.