फुकटचं लिनक्स, विकतचा कागद

बाड्याच्या आणि गणपतीच्या आठवणी सगळे लिहितातच, माझी जरा वेगळी आहे. सिटी सेंटरची, आणि फार जुनीही नाही.

भाची लश्करहून टेम्पोनं सिटी सेंटरला लिनक्सच्या क्लासला जायची. एक दिवस म्हणाली, "मामा, आरएचसीएसए द्यायचीय." म्हणजे रेड हॅट कंपनीची परीक्षा. फी ऐकून मी उखडलोच. "अगं, जे फुकट मिळतं त्याचा कागद विकत घ्यायचा?"

खरं सांगायचं तर थोडा अहंकारही होता. माझं लिनक्स मासिकाच्या सीडीवरचं. पीसीक्वेस्टनं १९९६ मध्ये अंकासोबत लिनक्सची सीडी द्यायला सुरुवात केली, त्यामागे बेळगावात शिकलेले अतुल चिटणीस होते. पुढच्या कुठल्याशा अंकाची सीडी हाती लागली आणि मी रात्र-रात्र जागून शिकलो. त्याच जोरावर सिटी सेंटरमधल्या एका ऑफिसचा सर्व्हर सांभाळला. कागद नव्हता म्हणून एक चांगली नोकरी गेली, तेही मनात होतंच.

मग ती माझ्याच टेबलावर सराव करू लागली. ३०० पैकी २१० मार्क हवेत, प्रश्नोत्तरं नाहीत, समोर मशीन आणि करून दाखवा! एका संध्याकाळी तिनं विचारलं, "एसईलिनक्स आडवं आलं की तू काय करतोस?" म्हटलं, "बंद करतो." ती हसायलाच लागली. तिच्या अभ्यासक्रमात तो पहारेकरी जागा ठेवून काम करायला शिकवत होते. मी इतकी वर्षं त्याला झोपवूनच काम भागवलं होतं.

दुसरी गोष्ट जास्त लागली. त्या परीक्षेत मशीन पुन्हा सुरू केल्यावरही तुमचं काम टिकलं पाहिजे, नाहीतर केलेलं पाण्यात. मला आमचं ऑफिस आठवलं. नवी डिस्क जोडली, पण एफएसटॅब नावाच्या फाइलमध्ये तिची नोंद करायचीच राहिली. महिनाभर सगळं झकास. मग भर मे महिन्यात लाइट गेली, परत आली, आणि हिशेबाच्या फाइली गायब! डेटा डिस्कवरच होता, पण तो सापडेपर्यंत दोन तास मालक माझ्या डोक्यावर उभे. आपल्या आवडीनं शिकलं की कंटाळवाणं तेवढं बरोबर सुटतं. परीक्षा ते सोडू देत नाही. हां, तो कागद तीन वर्षांनी शिळा होतो, हे मी अजून ऐकवतोच.

फी शेवटी मीच भरली. ती पास झाली. पुण्याच्या एका मुलाखतीत त्यांनी कागद उलटासुद्धा करून पाहिला नाही, विचारलं, "लाइट जाऊन आल्यावर सर्व्हरवरच्या फाइली दिसत नाहीत, काय बघशील?"

रात्री फोन आला. "मामा, मी तुझीच गोष्ट सांगितली. नाव नाही घेतलं."