पडवीतील कार्यशाळा

जुना रेडिओ किंवा बिघडलेला रिमोट उघडून तुम्ही कधी पाहिला आहे का? आत एक हिरवी किंवा तपकिरी पाटी दिसते. तिच्यावर तांब्याच्या बारीक वाटा असतात. त्या वाटांवरून वीज जाते. या पाटीला सर्किट बोर्ड म्हणतात. १९३६ साली पॉल आइस्लर या ऑस्ट्रियन अभियंत्याने लंडनमध्ये अशी पाटी वापरून रेडिओ तयार केला होता.

अशा पाट्या मी घरी तयार करतो. मुरूडच्या आमच्या घराची पडवी हीच माझी कार्यशाळा! त्यासाठी बाजारात कोरी पाटी मिळते. तिची जाडी साधारण १.६ मिलिमीटर असते. वर तांब्याचा पातळ थर असतो. खाली इपॉक्सी राळेत बसवलेले काचेचे तंतू असतात.

पाटी कापताना मी पोलादी पट्टी धरून दोन्ही बाजूंना एकाच रेषेवर चर पाडतो. मग टेबलाच्या कडेवर ठेवून दाबले, की पाटी सरळ तुटते. भोके पाडण्यापूर्वी पंचाने खूण करतो. नाहीतर ड्रिलचे टोक तांब्यावर घसरते. पाटीखाली लाकडाची फळी ठेवतो, म्हणजे भोकाची कड फुटत नाही. भोक अवघे ०.८ किंवा १ मिलिमीटरचे असते. हात जरा तिरका झाला, की बारीक ड्रिल मोडलेच! तुम्ही उर्दूत ज्याला सब्र म्हणता, ती सबुरी येथे ताकदीपेक्षा उपयोगी पडते.

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट ऐका. या कामात निघणारी धूळ काचेची असते. तिने हाताला खाज सुटते. ती डोळ्यांत जाते, श्वासाबरोबर छातीतही शिरते. दुपारी समुद्रावरून खारे वारे वाहतात आणि पडवीतील धूळ घरात नेतात. घरात आजारी आजी किंवा तान्हे बाळ असेल तर?

म्हणून मी पाटीच्या कडा वॉटर पेपरने, पाणी लावून घासतो. डोळ्यांवर चष्मा आणि नाकातोंडावर घट्ट बसणारा मास्क लावतो. धुळीवर फुंकर मारत नाही, की झाडू फिरवत नाही. ओल्या फडक्याने ती टिपून घेतो.

तुम्हीही हे काम शिका. पण मोठे माणूस शेजारी असू द्या. सैल बाह्या व ओढणी ड्रिलपासून दूर ठेवा. शेवटचे भोक पडले म्हणजे काम संपले, असे समजू नका. धूळ टिपून पिशवीत बांधली आणि हात धुतले, की मगच काम पूर्ण झाले.